जरा सेटिंग बघतोय

रात्री साडेदहा ते साडेअकरा हा तास माझा. जेवणं झालेली असतात, ओटा पुसलेला असतो, मुलीचं दप्तर भरून दारापाशी ठेवलेलं असतं आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा पाण्याच्या टाकीचा वाद दोन्ही पक्ष दमल्यामुळे थांबलेला असतो. या तासात मी सोफ्याच्या कोपऱ्यात पाठीला उशी लावून बसतो, हातात धरायचा गेमिंग पीसी काढतो आणि व्हिडिओ गेम खेळतो. निदान घरच्यांची तरी अशी समजूत आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मधे सातेक इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना धरायला मुठी, त्यांच्यावर बटणं आणि अंगठ्यांनी फिरवायच्या दोन स्टिक. आत अख्खा संगणक. टेबलाखालच्या धूड डब्यावर चालणारे खेळ इथे मांडीवर चालतात. २०२२ च्या फेब्रुवारीत वाल्व कंपनीचा ‘स्टीम डेक’ आला आणि या प्रकाराची लाटच आली. पुढच्या वर्षी असूसचा ‘आरओजी अ‍ॅलाय’ आणि लेनोवोचा ‘लीजन गो’ आले, आता तर मोजदाद ठेवणंच कठीण. माझ्याकडे कुठला आहे ते मी सांगत नाही. नाव सांगितलं की समोरचा हळहळून म्हणतो, "अरेरे, हा का घेतलास? तो घ्यायचा." तो घेतला असता तर ‘हा घ्यायचा’ म्हणाला असता. एवढंच सांगतो की तो न्यू जर्सीहून मेहुण्याच्या बॅगेतून आला आणि परतीच्या बॅगेत त्याच्या जागी भाकरवडी गेली.

"भावोजी, एवढं अवजड नक्की कशासाठी?" मेहुण्याने विचारलं होतं.

"खेळायला," मी म्हणालो. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

यंत्र सुरू केलं की पहिल्यांदा अपडेट. आधी ऑपरेटिंग सिस्टीमचं, मग जिथून खेळ घेतला त्या दुकानाचं, मग खुद्द खेळाचं. हे आटोपलं की कंट्रोलरच्या फर्मवेअरचं. म्हणजे बटणांनासुद्धा अपडेट लागतं. आमच्या दाराच्या बेलला बसवल्यापासून लागलेलं नाही आणि दूधवाला तिच्यावर समाधानी आहे. त्यानंतर पडद्यावर ‘शेडर तयार होत आहेत’ अशी सूचना येते आणि टक्के सरकू लागतात. उजेड, सावली, पाणी, धूर हे सगळं कसं रंगवायचं त्याच्या बारीक आज्ञा या यंत्राच्या चिपला समजतील अशा करून घ्यायचं हे काम. ते ९७ टक्क्यांपर्यंत झपाट्याने होतं. उरलेल्या तीन टक्क्यांत बायकोचा, म्हणजे मेधाचा, उद्याचा भाजीपाला निवडून होतो.

मग खेळाचा मेन्यू येतो. संगीत सुरू होतं. ‘पुढे चला’ असं बटण लुकलुकत असतं. ते दाबायला माझी हरकत नसते, पण त्याआधी मी जरा सेटिंग बघतो.

या यंत्राचा जीव बॅटरीत. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची होती, २०२३ च्या नोव्हेंबरात ओएलईडी पडद्याचा आला त्यात ती ५० झाली. हिशेब पाचवीतल्या पोराला जमेल असा आहे: यंत्राने २० वॅट खाल्ले तर ४० वॅट-तास दोन तास पुरतात, १० खाल्ले तर चार तास. चिपने किती वॅट खावेत हे ठरवायला एक सरकपट्टी असते, आणि तुटपुंज्या पगारात घर चालवलेल्या माणसांच्या पोटी जन्मलेल्याच्या हातात असली सरकपट्टी कधी देऊ नये. मी १५ वरून १२ वर येतो. खेळ ठीक चालतो. मग वाटतं, १२ वर चालतो तर ९ वर का चालू नये? ९ वर थोडा अडखळतो, पण चालतो. ७ वर नायक प्रत्येक पाऊल विचार करून टाकतो. शत्रूही विचार करूनच मारतो, त्यामुळे अन्याय कुणावर होत नाही. मग सावल्या काढून टाकायच्या, गवत विरळ करायचं, पाण्यातली प्रतिबिंबं बंद करायची. ज्या देखाव्यांसाठी खेळ विकत घेतला ते एकेक करून विझवत गेलं की मी पुन्हा ९ वर सुखाने येतो.

"सहा वॅट वाचले," मी जाहीर करतो.

"बाथरूममधला गिझर बंद केलास?" मेधा विचारते.

गिझर दोन हजार वॅटचा आहे. दहा मिनिटं तो विसरला तर जेवढी वीज जाते तेवढ्यात ४० वॅट-तासांची बॅटरी आठ वेळा काठोकाठ भरेल. हा हिशेब मी एकदाच केला आणि नंतर कुणाला दाखवला नाही. शिवाय या सगळ्या काटकसरीच्या वेळी यंत्राला चार्जर लावलेला असतो, कारण सोफ्याच्या मागेच प्लग आहे.

वॅटनंतर फ्रेम. पडद्यावर सेकंदाला किती चित्रं उमटतात, हा या जगातला जातिभेद. ३० वाले गरीब, ६० वाले खाऊन-पिऊन सुखी, १२० वाल्यांशी आपला संबंध येत नाही. पण माझ्यासारख्यांनी यात ४० चा मधला मार्ग शोधलाय आणि त्यावर मी जेवणाच्या पंगतीतही बोलू शकतो. ३० च्या वेगाला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० च्या वेगाला १६.७. या दोहोंच्या बरोब्बर मधे २५ मिलिसेकंद, आणि सेकंदात २५ मिलिसेकंदांची चित्रं बसतात ४०. म्हणजे वेगाच्या हिशेबाने ४५ मधला वाटला तरी डोळ्याला जाणवणाऱ्या वेळेच्या हिशेबाने मधला ४०! पडदाही सेकंदाला ४० वेळाच ताजा होईल असा बांधून टाकायचा, की निम्म्या कष्टात निम्म्याहून जास्त सुख.

हे सगळं मी बाबांना हातवारे करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सिनेमात किती असतात रे?"

"चोवीस."

"चोवीस," बाबा म्हणाले. "गणपतीत गल्लीत पडदा बांधून ‘संत तुकाराम’ दाखवायचे. आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो, त्यामुळे अक्षरं उलटी दिसायची. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा अख्खी गल्ली रडत होती. अडखळलं वगैरे कुणी म्हणालं नाही."

प्रभातचा तो चित्रपट १९३६ चा. त्याला चाळीसची सेटिंग नव्हती, हे खरं. मी विषय बदलला.

आणखी एक सोय या यंत्रांत असते ती कुणा परोपकारी माणसाने केली आणि माझा घात केला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सगळे आकडे दिसत राहतात: फ्रेम किती, वॅट किती, चिपचं तापमान किती, पंख्याचे फेरे किती, बॅटरी अजून किती वेळ. खाली हिरवी रेघ धावते. ती सपाट असावी. सपाट रेघ बघून आनंद मानणारा मी आणि तीच रेघ बघून धावत येणारे आयसीयूमधले डॉक्टर, आमचं एकमेकांशी जमणार नाही. गेल्या महिन्यात एका खेळात नायकाचा जिवलग मित्र त्याच्या मांडीवर डोकं ठेवून मेला. तो मरताना काय बोलला मला माहीत नाही. मी कोपऱ्यात बघत होतो. ४० चे ३८ झाले होते.

बऱ्याचशा खेळांची घडण विंडोजसाठी झालेली असते आणि माझ्यासारखे खटपटे त्या यंत्रावर लिनक्स घालतात. विंडोजची भाषा लिनक्सला कळावी म्हणून मधे एक दुभाषा थर बसवायचा, आणि त्या थराच्या ढीगभर आवृत्त्या. एकीत आवाज येतो, चित्र नाही. दुसरीत दोन्ही येतात, पण डावी स्टिक कायम वर बघते. एकदा खेळ छान सुरू झाला, पण गोष्ट सांगणारा व्हिडिओ यायच्या जागी उभ्या रंगीत पट्ट्या दिसायला लागल्या. आपल्याकडचा व्हिडिओ लावता येत नसला की हा थर चक्क टीव्हीवरच्या त्या पट्ट्या लावतो. बाबा शेजारी येऊन बसले होते. त्यांनी चष्मा पुसून घातला.

"थांब जरा," ते म्हणाले. "कार्यक्रम सुरू होईल आता."

आणि ते खरंच वाट बघत बसले.

खेळ व्यवस्थित चालला तर काय करायचं, हा प्रश्न तसा कमी वेळा येतो, पण येतो. त्यावर बेंचमार्क हा उतारा आहे. ‘सायबरपंक २०७७’ सारख्या खेळांत मेन्यूमध्येच एक परीक्षा दिलेली असते: बटण दाबायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. कॅमेरा आपला आपण एका बारमधून निघतो, रस्त्यावर येतो आणि शेवटी सरासरी किती फ्रेम मिळाल्या त्याचा निकाल लागतो. त्या बारमधलं कोण कुठल्या स्टुलावर बसलंय ते मी झोपेत सांगेन. खेळ मात्र पहिल्या कामगिरीच्या पुढे गेलेला नाही. आमच्या जुन्या चाळीत एक जोशीकाका होते. त्यांच्याकडे लँब्रेटा होती. दर रविवारी अंगणात जुनी चादर अंथरून ते कार्ब्युरेटर सोडवायचे, जेटमध्ये फुंकर मारायचे, प्लग पॉलिशपेपरने घासायचे आणि पुन्हा सगळं बसवून, किक मारून, मान तिरकी करून आवाज ऐकायचे. कुणी म्हणालं, "काका, स्टेशनपर्यंत सोडता का?" की काका फडक्याला हात पुसत म्हणायचे, "आज नको. जरा पिकअप बघतोय." त्यांना त्या स्कूटरवरून कुठे जाताना कुणी पाहिलं नाही. तेव्हा आम्ही पोरं काकांना हसायचो.

हे यंत्र हातातलं आहे, ते घराबाहेर न्यावं, प्रवासात खेळावं, अशी त्याच्या जाहिरातींत कल्पना असते. जाहिरातींतली माणसं रिकाम्या आगगाडीत खिडकीशी बसून डोंगर बघत खेळतात. मी डोंबिवलीहून जातो. स्टीम डेकची रुंदी जवळजवळ ३० सेंटिमीटर, आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्याच्या वाट्याला त्याहून जास्त बाक आला तर त्याने पेढे वाटावेत. तरी एका सुट्टीच्या दिवशी बसायला मिळालं म्हणून मी धीर करून बॅगेतून यंत्र काढलं. ‘एल्डन रिंग’ लावला. हा खेळ अत्यंत अवघड म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्यात मधेच थांबवायची सोय खेळ करणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली नाही.

"ड्रोनचा रिमोट का?" समोरच्याने विचारलं.

"नाही, कॉम्प्युटर आहे."

"कितीला पडला?"

मी आकडा सांगितला. या वस्तूला तीन किमती असतात: खरी, घरी सांगितलेली आणि गाडीत सांगितलेली. पहिली दुसरीपेक्षा पुष्कळ जास्त आणि तिसरीपेक्षा पुष्कळ कमी.

"एवढ्यात गाळ्याचं डिपॉझिट झालं असतं," खिडकीतले आजोबा म्हणाले, पण मान वळवून पडद्यात बघायला लागले. त्यांच्या मागे उभे असलेले दोघे वाकले. खेळाच्या सुरुवातीलाच मोकळ्या माळावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. नवख्याने त्याला अजिबात डिवचायचं नसतं.

"मारा त्याला," एक जण म्हणाला.

"अहो, वेडे का? बाजूच्या झाडीतून काढा, त्याच्या वाटेला जाऊच नका," आजोबा म्हणाले. हा खेळ येऊन इतकी वर्षं झाली, त्यावर यापेक्षा चांगला सल्ला मी ऐकलेला नाही. पण आजोबांचं ऐकायला माझं लक्ष होतं कुठे? चिपचं तापमान वाढत चाललं होतं आणि पंख्याचा आवाज गाडीच्या आवाजावर मात करत होता. घोडेस्वार आला. त्याने एकदाच मारलं. पडद्यावर लाल अक्षरं आली.

"गेले?" समोरच्याने हळहळून विचारलं.

"गेलो."

"उठा मग, ठाणं पण आलं. उतरणाऱ्यांना वाट द्या."

ऑफिसातला महेश माझ्या पुढचा. तो सेटिंगच्या पलीकडे, थेट स्क्रूड्रायव्हरपर्यंत पोचलाय. यांतल्या बऱ्याच यंत्रांत साठवणुकीसाठी बोटाच्या पेराएवढा एसएसडी असतो, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब. तो काढून मोठ्या क्षमतेचा बसवता येतो. महेशने लॅमिंग्टन रोडवरून बारीक पेचकसांचा संच आणला, गिटार वाजवायची नखी आणली (झाकणाच्या फटीत सरकवायला), टेबलावर पांढरा रुमाल पसरला, प्रत्येक स्क्रू कुठला ते कागदावर चित्र काढून त्यावर ठेवला. एवढी शिस्त. फक्त झाकण उघडण्याआधी मेमरी कार्ड खाचेतून काढून ठेवायचं असतं, ते राहिलं. कार्ड अर्धं झाकणात आणि अर्धं आत असं बसलेलं असतं, त्यामुळे झाकण उचललं की टक्‌ असा आवाज येतो. तो आवाज मी फोनवरून ऐकला. नंतर बराच वेळ महेश बोलत नव्हता.

"तुटलं?"

"दोन तुकडे. पण बरोब्बर मधोमध," महेश म्हणाला. कामातली सफाई कुठेही दिसली तरी त्याला कौतुक.

तर या सगळ्या धकाधकीत मन शांत करायला मी ‘स्टार्ड्यू व्हॅली’ घेतला. एरिक बॅरोन नावाच्या एकट्या माणसाने कित्येक वर्षं खपून केलेला, २०१६ साली आलेला हा शेतीचा खेळ. चौकोनी ठिपक्यांची जुन्या वळणाची चित्रं, त्यामुळे यंत्राला त्याचा काडीचा त्रास नाही. गोष्ट अशी की शहरातल्या ऑफिसात पिचलेल्या माणसाला आजोबांचं पत्र सापडतं आणि त्यांचं शेत त्याला मिळतं. बस्स. मिळतं! चुलत्यांच्या सह्या नाहीत, वारस नोंद नाही, सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेपा नाहीत, बांध कुणाचा यावरून शब्दही नाही. सरपंच म्हणावा असा एक मिशीवाला गृहस्थ पार्सनिपचं बियाणं घरात फुकट ठेवून जातो. इतकी अचाट कल्पनाशक्ती मी राक्षसांच्या खेळांतही पाहिली नाही. गावाकडे आमचं खरोखरचं शेत आहे आणि काका दर दिवाळीला ‘एकदा येऊन बांध तरी बघून जा’ म्हणतात. मी इथे झारीने पार्सनिपला पाणी घालतो.

म्हणजे घालणार होतो. पण असला हलका खेळ चार वॅटवर चालतो की तीनवर, हे बघितल्याशिवाय नांगर कसा धरायचा? रंग थोडे फिके वाटले म्हणून ते गडद केले. बटणांच्या जागा बदलल्या, म्हणजे झारी उजव्या हाताच्या मागच्या बटणावर आणि कुऱ्हाड डाव्या. मग एका रात्री झारी म्हणून कुऱ्हाड चालली. पुन्हा बदलल्या.

परवा लवकर घरी आलो तर माझी मुलगी सई सोफ्यावर, माझ्या कोपऱ्यात, माझ्या उशीला टेकून बसली होती. पडद्यावर शेत. माझंच, पण ओळखू येईना. पिकांच्या सरळ रांगा, गोठा, गोठ्यात गायी, तळ्याशी बदकं, घराला दुसरी खोली. आत एक बाई स्वयंपाकघरात उभी होती.

"ही कोण?"

"तुझी बायको. लग्न लावलं मी तुझं."

"मला न विचारता?"

"तू सेटिंगमध्ये होतास," सई म्हणाली.

मेधा स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं झालं. आता तिला विचारू दे गिझरचं."

मी सईच्या शेजारी बसलो. सवयीने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. कोपरा रिकामा होता.

"आकडे कुठे गेले गं?"

"बंद केले. पाऊस दिसत नव्हता त्यांच्यामुळे."

"आणि फ्रेम किती मिळतायत?"

"कसल्या फ्रेम?"

मी तिला ३३.३ आणि १६.७ चं सांगायला घेतलं. तिने ‘हं’ म्हणत गायीचं दूध काढलं, कोंबड्यांना चारा टाकला, गावातल्या कुणा म्हाताऱ्याला वाढदिवसाची भेट दिली आणि मी २५ मिलिसेकंदांपर्यंत पोचेतो तिचा एक अख्खा हंगाम संपला. सुगीचे पैसे मात्र बरेच आले होते. तिला ते कुठून आले, हे विचारलं तर म्हणाली, "खेळलं की येतात."

आता ते यंत्र संध्याकाळी तिच्याकडे असतं आणि साडेदहाला माझ्याकडे येतं. ती बॅटरी पार संपवून देते, त्यामुळे मला निदान चार्जर लावायचं समर्थन मिळालंय. स्वस्ताईच्या सेलमध्ये घेऊन ठेवलेले पुष्कळ खेळ यादीत पडून आहेत, काही तर कधी घेतले तेही आठवत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. हा लेख वाचून मला दोन प्रकारचे निरोप येतील. ‘अमुक खेळ नक्की खेळा’ असं सांगणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये, आहेत त्यांचंच अजून लावून व्हायचंय. पण सात वॅटवर सावल्या चालू ठेवून पक्के ४० मिळवायची युक्ती कुणाला सापडली असेल तर जरूर कळवा. रात्री साडेदहानंतर मी मोकळाच असतो.